तुम्ही शाळेत गेल्यावर

सोलापूर
सोमवार, दुपारी दोन

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, आम्ही शाळेत गेल्यावर तू दिवसभर काय करायचीस गं?" मी "काही नाही रे, घरातलीच कामं" म्हणाले आणि फोन अप्पांच्या हातात दिला. रात्री झोप लागेना. हेच उत्तर मी तुझ्या आजीला दिलं, शेजारणींना दिलं, जनगणनेच्या बाईंना दिलं. आणि आता तू, माझा मुलगा, अगदी मनापासून विचारतोयस तर तुलाही तेच. म्हणून लिहायला बसले. फोनवर मला हे जमलं नसतं.

त्याच बोलण्यात तू आणखी एक सांगून गेलास. सोसायटीत कुणी विचारलं तर 'वर्क फ्रॉम होम' असं सांगतोस. समोरच्या गॅलरीतून दिसतं म्हणून टेबलावर लॅपटॉप उघडा ठेवतोस. नोकरी सुटून दीड वर्ष झालं, सूनबाईचा पगार नीट आहे, चिमीला तू सांभाळायचं हे तुम्ही दोघांनी बसून ठरवलं, मला ते पटलंही. पण तो उघडा लॅपटॉप ऐकला आणि माझ्या पोटात कालवलं. का, ते पुढे येईल.

आधी तुझ्या प्रश्नाचं.

तुम्ही दोघं शाळेत जायला लागलात तेव्हा मला रिकामा वेळ मिळाला असं तुला वाटत असेल, तर तसं झालं नाही. ताईची शाळा सकाळची, तुझी दुपारची. ती सव्वासातला बाहेर पडायची, साडेबाराला परत. तू बाराला जायचास, साडेपाचला यायचास. दोघंही घरात नाहीत असा वेळ जेमतेम अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासात तिच्यासाठी ताट वाढायचं. दोन डबे, दोन वेण्या, दोनदा दारापर्यंत पोचवणं, दोन वेळा जेवणं. चार वर्षं अशीच गेली. १९९६ च्या जूनमध्ये तू पाचवीत गेलास आणि पहिल्यांदा तुम्ही दोघं एकाच वेळी, सकाळी अकराला, घराबाहेर पडलात. तो दिवस मला लख्ख आठवतो. दाराची कडी लावली, मागे वळले, तर घरात फक्त शेजारच्या मागाची खडखड. भवानी पेठेत ती बारा महिने तेरा काळ असायची, पण त्या दिवशी ती मला ऐकू आली. एरवी तुमच्या आवाजात बुडून जायची.

कामं होतीच. ज्वारी निवडून गिरणीत टाकायची, शेंगा भाजून उखळात चटणी कुटायची, आठवड्यातून एकदा कडक भाकरीचा घाट घालायचा. भाकरी पातळ थापायची, भाजून तव्याच्या उतरत्या आचेवर पापडासारखी वाळवायची. सगळ्या मिळून चाळीस-पन्नास, त्यात माझे तीन तास. पाणी रोज येत नसे. पाण्याच्या दिवशी हौद, पिंप, कळशा, अगदी तांब्याभांडी भरेपर्यंत कुठे जायचं नाव नाही. आताही इथे काही दिवसांआड येतं, तेव्हा ही बाब बदलली असं समजू नकोस. आजीचं पथ्य, तिची औषधं, सणवार, आलंगेलं. हे सगळं तुला माहीत आहे. नसेल तर आता दीड वर्षात कळलंच असेल.

तुला माहीत नाही ते वेगळंच आहे.

त्या जूनमध्ये मी हिराचंद नेमचंद वाचनालयाची वर्गणी भरली. पैसे भाजीच्या खर्चातून बाजूला काढले होते. लग्नाआधी मी अकरावीपर्यंत शिकले, वाचायची मला फार ओढ होती. लग्नानंतर दहा-बारा वर्षं रद्दीच्या पुड्यांखेरीज काही वाचलं नव्हतं. शेंगांची पुडी सोडली की तो कागद सरळ करून उभ्या उभ्या वाचायचे. गोष्ट अर्धी फाटलेली असायची.

पण वाचनालयात जाते असं सांगायची सोय नव्हती. तुझ्या आजीला वाईट म्हणत नाही मी, तिचं आयुष्य माझ्याहून कष्टाचं गेलं. पण दिवसाढवळ्या बाईनं पुस्तक घेऊन बसणं म्हणजे घरात अवदसा, असं तिचं मत. "काय करालीस गं आत?" अशी हाक आली की मी पुस्तक पिठाच्या डब्यामागे सारायचे. म्हणून मग पिशवी. खाकी कापडाची, तुझ्या जुन्या शाळेच्या चड्डीच्या कापडातून शिवलेली. खाली पुस्तक, वर मेथीची जुडी. मेथी पसरट असते, पुस्तक झाकतं. कोथिंबिरीनं झाकत नाही. मंडईला जाते म्हणून निघायचं, पुस्तक बदलायचं, खरोखर भाजी घ्यायची आणि परत यायचं. दुपारी आजी डोळा लावायची, तेव्हा दीड ते अडीच तो माझा तास. असा एक तास, आणि तोही चोरून. मी काही पाप करत नव्हते, तरी दर वेळी छाती धडधडायची.

त्या वाचण्यातून पुढे काय झालं ते सांगते, कारण त्याचा मला खरा अभिमान आहे.

शेजारच्या अक्का तुला आठवतात ना? तुला तेलुगूत रागवायच्या आणि मग हातावर गूळ ठेवायच्या. त्यांचीही मुलं शाळेत जायची आणि त्यांच्याही घरात अकरानंतर शांतता व्हायची. पण त्या शांततेत त्यांचे हात थांबायचे नाहीत. मांडीवर सूप. तेंदूचं पान रात्रभर ओल्या फडक्यात ठेवलेलं, पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापलेलं. चिमूटभर तंबाखू, पान वळायचं, तोंड नखानं दुमडायचं, दोरा दोन वेढे. हे सगळं बोलता बोलता, खाली न बघता. दिवसाला हजार बिड्या पुऱ्या झाल्या तरच मजुरी पदरात पडायची. सकाळी कारखान्यात माल द्यायला गेल्या की तिथला माणूस खराब म्हणून मूठभर बाजूला काढायचा. त्याची मजुरी नाही, आणि पान-तंबाखू मात्र हिशोबात धरलेली.

मी अडीचनंतर त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचे. एकदा त्यांनी एक कागद पुढे केला. बिडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती मिळते, त्याचा फॉर्म. मुलीची शाळेतून सही आणलेली, पण बाकी सगळं कोरं. महिनाभर तो कागद देवाच्या फोटोमागे पडला होता. मी भरून दिला. पुढच्या आठवड्यात तीन बायका आल्या, मग सात. ओळखपत्राचे अर्ज, फंडाची पुस्तकं, दवाखान्याचे कागद. नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर वेगळं, जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही. "दुष्काळाच्या आदल्या वर्षी" म्हणायच्या, त्यावरून १९७१ धरायचं. पाच-सहा वर्षं मी तुमच्या शाळेच्या वेळात त्या ओट्यावर हे केलं. पैसे घेतले नाहीत. पुढे कुंभारीला बिडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत झाली, २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन किल्ल्या देऊन गेले. अक्कांनाही तिथे घर मिळालं. त्या घरासाठी बायका किती वर्षं मोर्चात चालल्या ते मी पाहिलंय, ते श्रेय त्यांचं आणि त्यांच्या संघटनेचं. पण अक्कांच्या अर्जावरचं अक्षर माझं आहे.

आणि तरी २०११ च्या फेब्रुवारीत जनगणनेच्या बाई आल्या, त्या स्वतः प्राथमिक शिक्षिका, उन्हानं थकलेल्या, तेव्हा "तुम्ही काय करता?" या प्रश्नाला मी म्हणाले, "काही नाही." त्यांनी रकान्यात दोनचा आकडा लिहिला. मी पाणी देताना कागदात डोकावले. काम न करणाऱ्यांची यादी होती ती. एक म्हणजे विद्यार्थी, दोन म्हणजे घरकाम, आणि त्याच यादीत खाली सहा म्हणजे भिकारी. मला त्या बाईंचा राग आला नाही. स्वतःचा आला, कारण 'काही नाही' हे शब्द माझ्या तोंडचे होते.

मध्यंतरी अप्पांनी पेपरातली एक बातमी वाचून दाखवली होती. सरकारनं २०१९ मध्ये लोकांच्या दिवसाचा हिशोब घेतला होता. घरकाम करणाऱ्या बायकांचे रोज सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ९७. आणि शंभरातले २६ पुरुषच मुळात घरकामाला हात लावतात. म्हणजे पाच तास माझे कुणीतरी मोजले तर. तू त्या सव्वीसातला आहेस, बाळा. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

आता अप्पांचं सांगते. हे मी तुला कधी सांगणार नव्हते. पण लॅपटॉपचं ऐकल्यावर गप्प राहणं मला जमेना.

तू पाचवीत गेलास त्याच वर्षी, १९९६ च्या दिवाळीनंतर, अप्पांची कापडगिरणी बंद पडली. देणी अडकली. भोंगा वाजेनासा झाला. सगळा भाग त्या भोंग्यावर उठायचा, बसायचा. अप्पांना पुढे टॉवेलच्या कारखान्यात काम मिळालं, पण मधले आठ महिने काहीच नव्हतं. तुम्हाला ते कळलं नाही, कारण अप्पा रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे. मी डबा भरून द्यायचे. कुठे जाता, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. संध्याकाळी डबा रिकामा परत यायचा.

एका दुपारी मी पुस्तक बदलून सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेले आणि तळ्याच्या काठानं परत निघाले. संक्रांत जवळ आली होती, गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे करायचं काम चाललं होतं. काठावर कडुनिंबाखाली अप्पा बसले होते. डब्याची पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. पाण्याकडे बघत होते की कुठे, कळत नव्हतं. घरात आजीचं अंथरूण उन्हात टाकायचं होतं, तुझं गणित कच्चं होतं, नळाचा वायसर बदलायचा होता. घरात एक धडधाकट, हुशार माणूस हवा होता, आणि तो माणूस तळ्याच्या काठावर बसून दिवस ढकलत होता, कारण दिवसा घरात दिसणं म्हणजे त्याला मेल्याहून मेलं वाटत होतं. मी पुढे जायला हवं होतं. शेजारी बसायला हवं होतं. पण माझ्या पिशवीत पुस्तक होतं. मी पदर पुढे ओढला आणि दुसऱ्या वाटेनं घरी आले.

त्या संध्याकाळी आम्ही एकमेकांना विचारलं, "कसा गेला दिवस?" दोघंही म्हणालो, "नेहमीसारखा."

म्हणून सांगते, तो लॅपटॉप बंद कर. चिमी साडेआठच्या बसनं जाते आणि तीनला येते, तेवढे साडेसहा तास तुझ्याजवळ आहेत. त्यात धुणं, स्वयंपाक, बँक, दुरुस्त्या जे करशील त्याला काम म्हण. तोंड भरून म्हण. कुणी विचारलं तर "मी घर सांभाळतो, मुलगी सांभाळतो" एवढंच सांग आणि पुढचं वाक्य जोडू नकोस. आणि एक तास तुझा स्वतःचा ठेव. तबला दहावीत सोडलास, तो माळ्यावर आहे, शाई निघालीय, पण खोड चांगलं आहे. हवा असेल तर अप्पा वरचं चामड्याचं पान बदलून घेतील. दार उघडं ठेवून वाजव. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ दे की या घरातला माणूस सकाळी अकराला तबला वाजवतो.

चिमी घरी आली की तुला शाळेतलं सगळं सांगते म्हणालास. तूही तिला तुझं सांगत जा. तिला सवय लागू दे विचारायची. तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, यात तुमचा दोष नाही, मी विचारू दिलंच नाही.

बुधवारी पलीकडच्या काकांचा मुलगा हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पाठवते. भाकरी डब्यात हवा जाणार नाही अशी ठेव. चिमीला आमटीत चुरून दे, तशी तिला चावायची नाही.

तुझा फोन झाल्यावर काल रात्री मी अप्पांना एकोणतीस वर्षांनी विचारलं, की त्या दिवशी तळ्यावर मला पाहिलं होतंत का. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मेथी होती वर. पण पुस्तकाचा कोपरा बाहेर दिसत होता."

तुझी,
आई