दहा मिनिटांत येतो म्हणालो होतो

प्रिय बंड्या,

तुझ्या गेल्या तीन मेसेजना नुसते अंगठे पाठवले, त्याबद्दल आधी शिव्या घालून घे. तब्येत बरी, शुगर आहे तिथेच आहे. सिंगापूरचे फोटो पाहिलेच असशील. फोटोत नाही ते लिहायला बसलोय. दिल्या-पम्याला सांगून उपयोग नाही, कारण काही झालंय असं त्यांना वाटतच नाही.

ही अख्खी ट्रिप माझ्या क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर उभी होती, तुला माहीतच आहे. चार वर्षं मेव्हण्याचा फ्रिज, सोसायटीचा पंप, शेजारच्या काकांचा इन्व्हर्टर, सगळं माझ्या कार्डावर घ्यायला लावलं आणि त्यांच्याकडून रोख घेतली. (बायको म्हणायची, मुंजीत मागितली नाहीस तेवढी भिक्षा आता मागतोयस.) पॉइंट एकदा क्रिसफ्लायरमध्ये, म्हणजे सिंगापूर एअरलाइन्सच्या माइलच्या खात्यात, वळवले की परत फिरत नाहीत, आणि तिथले माइल ३६ महिन्यांत वापरले नाहीत तर मरतात. पहिले मरायला टेकले होते, म्हणून तुझ्या मागे लागलो. तू म्हणालास, आईचं ऑपरेशन आटपू दे, आणि मी म्हणालो, माइल थांबत नाहीत. त्यावर भेटल्यावर भांड. शिवाय तिकिटं फुकट म्हणत होतो, पण कर रोखच भरावा लागला. दिल्याने तो वहीत लिहून ठेवलाय.

तर मुंबई विमानतळाचं टी-टू. इमिग्रेशन उरकलं, विमानाला अडीच तास. मी आठवडाभर लाउंजच्या गोष्टी सांगून ठेवलेल्या, पम्या तर दुपारचं जेवलाही नव्हता. काउंटरवरच्या पोरीने माझं कार्ड घेतलं, गोड हसली आणि म्हणाली, ‘सर, पाहुण्यांचे वेगळे.’ माणशी तीन हजारांच्या घरात! फुकट फक्त मी. नियम मीच वाचले होते, पण देशातल्या लाउंजचे. मागे रांग खोळंबलेली. दिल्या म्हणाला, ‘तू जा रे, आम्ही गेटवर बसतो.’ मी नाही म्हणालो. दोनदा. दोनदाच, बंड्या. मग म्हणालो, दहा मिनिटांत येतो.

आत पुलाव घेतला, गुलाबजाम घेतला, सोफ्यावर जरा टेकलो.

जाग आली तेव्हा फोनवर अकरा मिस्ड कॉल आणि वाटीत अर्धा गुलाबजाम. धावत गेटवर गेलो तर दोघं खुर्च्यांवर पाय पसरून बसलेले. पम्याने घरून आणलेल्या दशम्या संपत आल्या होत्या. एक माझ्यासाठी ठेवलेली, वर लसणीची चटणी, कागदी रुमालात गुंडाळून. चटणीचं तेल रुमालाबाहेर आलं होतं. ‘झोप झाली का?’ त्याने विचारलं. टोमणा नव्हता रे, खरंच विचारत होता.

रत्नागिरी, १९९९. पुढे दरड, गाडी रात्रभर उभी. तुझ्याकडे बाबांचा रेल्वेचा पास. तू उच्च श्रेणी प्रतीक्षालयात ‘तोंड धुऊन येतो’ म्हणून गेलास तो पहाटे पाचला उगवलास. आम्ही प्लॅटफॉर्मवर पेपर अंथरून डास मारत होतो. ‘एक मिनिट टेकलो आणि डोळा लागला’ म्हणालास, आणि मी सहा महिने तुझ्याशी बोललो नाही. तुझ्या वाटणीचा चिवडा आम्ही भूक नसताना संपवला, तोही माझ्याच सांगण्यावरून. दिल्या तेव्हाच म्हणत होता, सोड. ताणलं मी.

लागतो रे डोळा.

साडेपाच तासांच्या विमानात ती दशमी मांडीवर घेऊन बसलो होतो. उतरता उतरता खाल्ली. चांगी विमानतळाला लागून असलेल्या ज्वेल मॉलमध्ये छतातून ४० मीटर पाणी पडतं, तो धबधबा पाहिला. पम्या म्हणाला, ‘आपल्याकडे छतातून एवढं पाणी आलं तर सेक्रेटरीला धरतात.’ हसलो, पण पुढचं वाक्य टाकायला तू नव्हतास.

काकूंचा गुडघा वाकतो का आता? धाकट्याच्या बारावीचं, वहिनींच्या बदलीचं काय झालं? दोन ओळी चालतील.

आणि हो, माइलवर दुसऱ्याचं तिकीट काढायचं तर आधी नावं नोंदवावी लागतात, पाचच. माझी पाच म्हणजे बायको, पोरगी, दिल्या, पम्या आणि तू. दिल्या परवा म्हणाला, बंड्या कुठे येतोय, त्याच्या जागी माझ्या पुतण्याचं घाल. घातलं नाही. तुझा पासपोर्ट मार्चमध्ये संपतोय, तेवढा रिन्यू करून घे.

तुझा,
सुध्या