घर विक्रीला घेण्याआधी मालकांकडून पूर्ण माहिती घ्या

घरांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या आपल्या एजंटांच्या ग्रुपमधल्या सर्व सभासदांना नमस्कार.

विक्रीला आलेल्या घराचे फोटो ग्रुपवर टाकण्याआधी मालकांसोबत निवांत बसा, ही कळकळीची विनंती. टोकन घेतल्यावर कागद मागायला लागलो की दोन्ही बाजूंचा विश्वास उडतो.

मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे जागा कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारा सरकारी उतारा) ताजी काढा, जुनी झेरॉक्स चालवू नका. पेठांतल्या घरांत पत्रिकेवर अजून आजोबांचंच नाव असतं, वारसांत आत्या असतात, आणि समोर बसलेले काका "सगळं माझंच हाय" म्हणतात. प्रत्येक हिस्सेदाराशी स्वतः बोला. जमीन देवस्थान इनाम (देवस्थानाला दिलेली) किंवा भोगवटादार वर्ग २ ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) निघाली तर आधी वकिलांना दाखवा.

सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा), मंजूर नकाशा, घरफाळ्याची पावती, बँकेचा बोजा, भाडेकरू हे नेहमीचंच.

पुराचं मात्र थेट विचारा. २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं? एकाच गल्लीत एका घराच्या पायरीला तर दुसऱ्याच्या खिडकीला पाणी लागलेलं असतं. नव्या रंगाखाली फुगलेला गिलावा हाताने चाचपून बघा, विजेचा मीटर वर उचललाय का पाहा, पूररेषेचा नकाशा तपासा. मालकांना हे सांगणं जड जातं, म्हणून आपुलकीनं विचारा, पण विचाराच. घेणारा आयुष्याची पुंजी त्यात घालतो.

सगळी माहिती लिहून मालकांची सही घ्या. येत्या सोमवारपासून ताजी पत्रिका आणि सही नसलेलं घर ग्रुपवर घेतलं जाणार नाही.