एडिनबराहून आई-बाबांना

एडिनबरा, 3 डिसेंबर

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. जेवणाचं, स्वेटरचं फोनवर बोलून झालंय. बाबा, इथे सध्या पावणेचारलाच सूर्य मावळतो, त्यामुळे पाचला घरी येणं म्हणजे 'रात्री एकटीने हिंडणं' नव्हे. रस्त्यावर माणसं असतात, दिवे असतात.

इथली एक पद्धत मात्र सांगायलाच हवी. आमची इमारत जुनी, दगडी, जिना सगळ्यांचा मिळून एक. तो धुवायची पाळी ज्याची, त्याच्या दाराच्या मुठीला पाटी अडकवलेली असते. आपण जिना धुवायचा आणि पाटी शेजारच्या दाराला लावायची. बेल वाजवायची नाही, सांगायचं नाही, आठवण करायची नाही. पाटी दिसली की समजायचं. समोरच्या आजी चांगल्याच थकल्यात, म्हणून मी त्यांची पाळी करते म्हटलं, तर त्यांना ते मुळीच रुचलं नाही. अशी मदत इथे सहसा कुणी मागत नाही आणि घेतही नाही.

आई, माझ्या प्रयोगशाळेतल्या रसायनांची काळजी करू नकोस. सूज उजेडाने दाखवणारा आमचा रंग मिलिग्रॅमच्या मापात असतो, हातात मोजे असतात, वाफ ओढून घेणारं कपाट असतं. किरणोत्सर्ग नाही, नुसता प्रकाश. या रंगाचा रेणू एरवी उजळत नाही, कारण रंगाला जोडूनच त्याचा उजेड गिळणारा तुकडा बसवलेला असतो. सूज आली की पांढऱ्या पेशी तिथे जमतात. त्या चेतल्या की त्यांच्यातलं कॅथेप्सिन नावाचं विकर (एन्झाइम) तो जोड कापतं आणि रंग उजळतो. हे आम्ही झेब्रा माशाच्या पिल्लांत बघतो, ती पारदर्शक असतात. भूल देऊन शेपटीच्या टोकाला बारीक छेद दिला, की काही वेळातच न्यूट्रोफिल, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, तिकडे सरकू लागतात आणि पडद्यावर एकेक ठिपका पेटत जातो. ते बघताना जेवायचं भान राहत नाही. बाबा, हा मासा मूळचा आपल्या गंगेकडचा. त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन 1822 साली याच शहरात छापलं गेलं.

आई, तुझ्या हाताचा एक्स-रे चांगला आला म्हणून बोटांच्या सांध्यांत सूज नाही असं होत नाही. एक्स-रेत हाड झिजल्यावर दिसतं, पेशी त्याच्या कितीतरी आधी सांध्यात शिरतात. त्या तेव्हाच दिसाव्यात, एवढ्यासाठी हे काम. 700 ते 900 नॅनोमीटरच्या प्रकाशात कातडीखाली थोडं आत बघता येतं आणि बोटांचे सांधे तेवढे वर असतात. पण आमचा रंग अजून माणसाला दिलेला नाही. तेव्हा माझ्या भरवशावर औषध सोडू नकोस. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, डॉक्टरांनी ठरवलेल्या वारी.

या महिन्यात पैसे थोडे जास्त पाठवलेत. कर्जाचा हप्ता भरून उरतील ते भांड्यांच्या बाईसाठी आहेत, माझ्या नावाने बँकेत टाकायला नाहीत. सकाळी मूठ वळत नाही आणि तरी तू गार पाण्यात भांडी घासतेस, हे दादाने सांगितलं. त्याला बोलू नकोस. मी तिथे असते तर तुला घासू दिली नसती, हे मलाही कळतं.

दादाच्या साखरपुड्याला येणं जमत नाही. लग्न मेमध्ये धरा, रजा मी आधीच मागून ठेवली आहे. वहिनीची साडी माझ्याकडून, रंग तूच बघ. पुण्याच्या स्थळाकडे पत्रिका गेल्याचं कळलं. मी नाही म्हणत नाही, पण माझं इथलं काम संपायला अजून दीड वर्ष आहे, एवढं त्यांना आधी सांगा आणि मग काय म्हणतात ते कळवा.

आजीला नमस्कार.

तुमची,
सोनल