ब्रेमेनहून पत्र: बाबा, त्या पुस्तकात तुम्ही कुठेच नव्हता

ब्रेमेन, जानेवारीचा शेवटचा रविवार

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

मी खुशाल आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे आई पुढचं शांतपणे ऐकेल. सर्दी नाही, खोकला नाही, वजन उतरलेलं नाही. फोनवर चेहरा बारीक दिसतो तो इथल्या उजेडामुळे. सकाळी आठपर्यंत अंधार असतो आणि दुपारी चारनंतर पुन्हा दिवे लावावे लागतात. संक्रांतीला तिळगूळ केला, ऑफिसात वाटला, सगळ्यांनी मागून घेतला. गजक मात्र इथे कुठे मिळत नाही, आणि मुरैन्याची तर नाहीच. दादाला हे पत्र फोटो काढून पुण्याला पाठवा, त्याला वेगळं लिहायला जमेलसं वाटत नाही.

आई, तू परवा विचारलंस की फोनवर बोलताना मागे एवढा वारा कसला, मी रस्त्यावर उभी आहे का. मी घरातच होते, खिडक्या उघड्या होत्या. हे नीट सांगते, नाहीतर तू काळजी करत बसशील. इथे कडाक्याच्या थंडीत लोक दिवसातून दोन-तीनदा घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडतात. किलकिल्या नाही, पूर्ण. आधी हीटर बंद करायचे, समोरासमोरच्या खिडक्या एकदम उघडायच्या, पाच-दहा मिनिटं वारा आरपार जाऊ द्यायचा, मग सगळं बंद करून हीटर पुन्हा लावायचे. बाहेर शून्याखाली असलं तरी. कारण असं की ही घरं इतकी घट्ट बंद असतात की स्वयंपाकाची वाफ, अंघोळीची वाफ, माणसांच्या श्वासातली ओल बाहेर जायला वाटच नसते. ती भिंतीवर बसते आणि काळी बुरशी धरते. बुरशी आली की घरमालक आणि भाडेकरू भांडतात, प्रकरण कोर्टातसुद्धा जातं. माझ्या भाडेकरारात चक्क कलम आहे की भाडेकरूने रोज घर हवेशीर करावं. आपण ग्वाल्हेरच्या जानेवारीत दाराखालच्या फटीत जुनं पातळ कोंबणारी माणसं, त्यामुळे पहिल्या हिवाळ्यात मला हे अजिबात पटत नव्हतं. आता सवय झाली. पाच मिनिटांत भिंती थंड होत नाहीत, फक्त हवा बदलते, आणि खोली लगेच पुन्हा गरम होते. तेव्हा काळजी नको. मी स्वेटर घालूनच उघडते.

आमच्या वाचनमंडळातही हेच. वाद रंगात आला की ग्रंथालयाच्या बाई उठून चारी खिडक्या उघडतात आणि मंडळी कोट अंगावर घेऊन तिथूनच पुढे भांडतात. मागच्या आठवड्यात फारच भांडली, आणि ते बाबांना सांगायचं म्हणून हे पत्र लांबणार आहे.

बाबा, पुस्तकाचं नाव तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे. तेच ते पिवळ्या पानांचं, मुखपृष्ठावर पेटलेलं आकाश आणि तिरकं झालेलं विमान असलेलं. इथे नाक्यावर काचेचं एक कपाट असतं. वाचून झालेली पुस्तकं लोक त्यात ठेवतात, हवं ते उचलून नेतात, कुलूप नाही की वही नाही. त्यात मला ते मिळालं आणि मीच मंडळात सुचवलं. कथा अशी की दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचं मेसरश्मिट २६२ हे जेट एक वर्ष आधी आणि हजारोंच्या संख्येनं तयार होतं, ६ जून १९४४चं दोस्त राष्ट्रांचं फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरचं आक्रमण समुद्रातच बुडतं आणि युद्ध पुढे कितीतरी वर्षं चालू राहतं. मग एक अमेरिकन वैमानिक शत्रूचंच एक जेट पळवतो आणि एकटा अख्ख्या हवाई दलाला भारी पडतो. दर प्रकरणाच्या शेवटी तो मरणार असं वाटतं आणि पुढच्या प्रकरणाच्या पहिल्या ओळीत तो ढगातून वर येतो. मी दोन रात्रींत संपवलं. मला ते आवडलं, हे तिथेही सांगितलं आणि तुम्हालाही सांगते.

मंडळात एक निवृत्त इंजिनिअर आजोबा आहेत, आयुष्यभर टर्बाइनवर काम केलेले. त्यांचं म्हणणं ऐकून तुम्ही खुर्ची पुढे ओढली असती. ते म्हणाले, अशा कथेला एक खोटं माफ असतं. जेट वर्षभर आधी आलं, मान्य. पण २६२ची इंजिनं, युमो ००४, मुळातच दुबळी होती. निकेल आणि क्रोमियम मिळत नव्हतं, म्हणून गरम भागांत साधं पोलाद वापरून त्यावर अॅल्युमिनियमचा थर द्यायचे. कागदावर इंजिनाचं आयुष्य साधारण २५ तासांचं, प्रत्यक्षात पुष्कळदा दहाच्या आसपास. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा, झटक्यानं पुढे ढकलला तर इंजिन पेट घ्यायचं किंवा विझायचं. आणि हा नायक पानोपानी थ्रॉटल ढकलतो, अख्खं पुस्तकभर त्याच दोन इंजिनांवर! आजोबा म्हणाले, कॅलेंडर पुढे-मागे केल्यानं निकेल कुठून येणार? धावपट्टीवर उतरताना ही जेट संथ आणि असहाय असायची, दोस्त राष्ट्रांचे वैमानिक नेमके तिथेच टपून बसत, तेही पुस्तकात नाही. एवढं सगळं बोलून त्यांनी त्याच मालिकेतलं पुढचं पुस्तक कोणाकडे आहे का, असं विचारलं.

एक तरुण मुलगा येतो, गोदामात कामाला आहे. तो चिडला. दिवसभर खोकी उचलून आल्यावर मला विमान वर गेलेलं बघायचं असतं, त्याचे नट मोजायचे नसतात, म्हणाला. मला त्याचंही पटलं. रात्रपाळीहून आल्यावर तुम्ही चहाबरोबर रहस्यकथा वाचायचात, आणि आई "डोळे मिटा आता" म्हणायची तरी प्रकरण संपवूनच झोपायचात. थकलेल्या माणसाला वेग लागतो. अशा पुस्तकांना हलकं म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच कधी सहमत होत नाही.

पण सगळ्यांना गप्प केलं ते एका वयस्क बाईंनी. त्यांचं माहेर ब्रेमेनच्या पश्चिम भागातलं. १८-१९ ऑगस्ट १९४४च्या रात्री तो भाग बॉम्बफेकीत जळून गेला. त्यांची आई तेव्हा शाळकरी मुलगी, ती जमिनीवर बांधलेल्या बुरुजासारख्या एका बंकरमध्ये बसली होती म्हणून वाचली. असे बंकर शहरात अजून उभे आहेत, पाडायला फार अवघड. बाई म्हणाल्या, या पुस्तकातल्या इतिहासात जर्मन जेट बॉम्बफेकी विमानांना शहरापर्यंत पोचूच देत नाहीत. म्हणजे त्या रात्री काही जळत नाही. माझ्या आजोबांचं घर, खालचं दुकान, सगळं जागेवर. मी त्या पानावर बराच वेळ थांबले. मग मनात आलं की त्या इतिहासात ती राजवटही जागेवर आहे. फार्गेमधला वेझर नदीकाठचा तो पाणबुड्यांचा प्रचंड कारखाना, जो १९४३पासून हजारो कैद्यांना आणि वेठबिगारांना राबवून, मारून बांधून घेतला आणि ज्यातून एकही पाणबुडी बाहेर पडली नाही, तोही त्या इतिहासात पूर्ण होतो. त्या जेटचे सांगाडेसुद्धा छळछावणीतल्या कैद्यांनी बोगद्यांत बनवलेले. मला ते घर नको, म्हणाल्या. लेखकाला वैमानिकाचा हातमोजा दिसला, बोगदा दिसला नाही, ही त्यांची तक्रार.

त्यानंतर मला बोलायचं होतं, आणि मी तुमच्याबद्दल बोलले. तुमची परवानगी न घेता बोलले, पण जे सर्वांना ठाऊक आहे तेवढंच. म्हटलं, माझे वडील ग्वाल्हेरच्या महाराजपूर हवाई तळावर मिराज २००० या लढाऊ विमानांचे इंजिन फिटर होते. १९९९च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या युद्धात, ते घरी नव्हते आणि कुठे आहेत ते आईलाही माहीत नव्हतं. १७ जूनला मुंथो ढालो इथल्या शत्रूच्या रसदतळावर मिराजनी हल्ला केला, २४ जूनला टायगर हिलवर लेझरनं नेम धरून बॉम्ब टाकले. नेम धरायचं ते उपकरण विमानांना घाईघाईनं, युद्ध चालू असताना बसवलं गेलं. ते बसवणारे, तपासणारे, रात्रभर विमानाखाली पाठीवर पडून राहणारे हात कोणाचे होते? या पुस्तकाच्या साडेतीनशे पानांत एकही फिटर नाही. विमान उतरतं आणि पुढच्या ओळीत भरलेलं, सजलेलं पुन्हा उडतं. इतिहास बदलायचा तर खुशाल बदला, पण त्यात विमान आपोआप तयार होतं असं लिहाल तर मला त्या जगावर विश्वास ठेवता येत नाही. हे बोलताना माझा आवाज चढला. आजोबांनी टेबलावर थाप मारली आणि म्हणाले, तिच्या वडिलांना आणा इथे.

मग त्यांना राणेखानाची गोष्ट सांगितली. संक्रांत नुकतीच झालेली, १४ जानेवारी १७६१ डोक्यात होतीच. "पानिपत जिंकलं असतं तर" हा खेळ आपल्याकडे प्रत्येक लग्नाच्या पंगतीत कोणीतरी मांडतं, आणि नेहमी बोलणं विश्वासरावांच्या गोळीपाशी आणि भाऊसाहेबांच्या हत्तीपाशी थांबतं. मी म्हटलं, आमच्या गावापुरता खरा प्रश्न वेगळा आहे. पायाला जबर जखम होऊन पडलेल्या महादजी शिंद्यांना राणेखान नावाच्या भिस्त्यानं आपल्या बैलावर घालून दक्षिणेत नेलं. त्यानं तसं केलं नसतं तर? मग १७७१मध्ये दिल्ली घेणारे महादजी नाहीत, शिंद्यांचं ग्वाल्हेर नाही, तिथलं लष्कर हे गाव नाही, आणि आपले खापरपणजोबा कोकण सोडून तिकडे आलेच नसते. पाणी वाहणाऱ्या एका माणसावर एवढं सगळं उभं आहे. महादजी त्याला भाई म्हणत आणि फौजेत मोठ्या पदावर त्यांनी त्याला चढवलं. असल्या कथा लिहिणाऱ्यांना हाताशी असा माणूस असताना फक्त हत्तीवरचाच का दिसतो, हे मला खरंच कळत नाही.

आणखी एक, हे खास तुमच्यासाठी. कुर्ट टांक इथलेच, म्हणजे ब्रेमेनच्या फोके-वुल्फ कारखान्याचे मुख्य अभियंता. युद्धानंतर आधी अर्जेंटिनात, मग १९५६मध्ये बंगळुरात आले आणि आपलं मारुत हे लढाऊ जेट त्यांनी रचलं. १७ जून १९६१ला ते पहिल्यांदा उडालं. आजोबांना हे माहीत होतं, बाकी कोणाला नव्हतं. तुम्ही नेहमी म्हणता की मारुतचा सांगाडा देखणा होता, हवं ते इंजिन कधी मिळालं नाही, म्हणून ध्वनीच्या दुप्पट वेगाचं स्वप्न ध्वनीच्या वेगापाशीच अडकलं. तरी १९७१मध्ये राजस्थानच्या आघाडीवर ते लढलंच. मारुतला ते इंजिन मिळालं असतं तर काय झालं असतं, यावर कोणी कादंबरी लिहावी, आणि नायक इंजिन फिटर असावा. तुम्हीच का लिहीत नाही? मी टाइप करीन.

आता बाकीचं. बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पैसे परवाच पाठवलेत, सोमवार-मंगळवारपर्यंत खात्यात दिसतील. लेन्स चांगल्यातलीच घ्या. "साधी चालेल" असं डॉक्टरांना सांगायचं नाही, आई तू समोर बस. उरलेल्यातून गच्चीचं काम पावसाळ्याआधी करून घ्या. एफडी मोडू नका, आणि माझे पैसे तसेच ठेवून पेन्शनमधून खर्च करण्याचं मागच्यासारखं करू नका. ते माझ्या लग्नासाठी साठवताय हे मला ठाऊक आहे.

मी ऑपरेशनला येऊ शकत नाहीये. राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज दिलेला आहे आणि तो हातात येईपर्यंत देश सोडणं शहाणपणाचं नाही, असं इथल्या सगळ्यांनी सांगितलं. दादा चार दिवस येतोय, वहिनीही येतेय, त्यामुळे अडचण काहीच नाही. बाबा, "एवढ्या लांबून तू कशाला येतेस" हे तुम्ही म्हणालात ते ऐकलं. आई मागे काहीच बोलली नाही, तेही ऐकलं. मे महिन्यात नक्की येते, उन्हाळा असला तरी.

आत्यानं सांगितलेल्या स्थळाबद्दल: मुलाशी बोलले. चांगला वाटला, सरळ बोलतो. नागपूर सोडायची त्याची तयारी नाही आणि मी परत कधी येणार हे त्यानं स्पष्ट विचारलं. मी वेळ मागून घेतला आहे. नाही म्हटलेलं नाही, हे आत्याला नीट सांगा, ती लगेच रुसते. पत्रिका इतक्यात पाठवू नका. आणि माझं वय प्रत्येक फोनवर काढू नका, ते मला पाठ आहे.

ऑफिसातला एक सहकारी फेब्रुवारीत दिल्लीला येतोय, त्याच्याबरोबर ते पुस्तक पाठवते. अक्षर बारीक आहे, तेव्हा ऑपरेशननंतर डॉक्टर परवानगी देतील तेव्हाच वाचायला घ्या. तोवर दादाला वाचून दाखवायला सांगा, तो कंटाळा करील पण करील. पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं तुमचं मत लिहा, जिथे जिथे चूक दिसेल तिथे. आजोबांनी मुद्दाम मागितलंय.

ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच कळवा. इथे रात्र आहे की दिवस, ते बघत बसू नका.

तुमची,
धाकटी