मेस्तकाका, टाकीचं झाकण उघडायला लावलंत त्याबद्दल

मेस्तकाका, नमस्कार.

तुम्ही स्वतः हे वाचणार नाही हे मला ठाऊक आहे, पण तुमची नात दिवसभर फोनवर असते, ती वाचून दाखवेल. नाव घालू नको म्हणालात म्हणून नुसतं मेस्तकाका म्हणतो. तरी इथे गोव्यात वाळपईच्या बाजूला ज्यांचे पंप आणि ग्रासकटर तुमच्यामुळे चालतात त्यांना दोन ओळीत कळेल कोणाबद्दल चाललंय.

बाकीच्यांना थोडं मागचं सांगतो. आमची काजूची बागायत डोंगरावर आणि घर खाली कुळागराला (पोफळी-माडांच्या बागेला) लागून. मधल्या वाटेला वाट म्हणणं म्हणजे जरा जास्तच होतं. म्हणून तीन वर्षांपूर्वी किनाऱ्याकडच्या एकाकडून सेकंड हॅंड एटीव्ही (डोंगरवाटेवर चालणारी चार जाड चाकांची गाडी) घेतली, चार स्ट्रोक, एअर कूल्ड, चायनाचं इंजिन, साधा कार्बोरेटर. पासिंग नाही त्यामुळे रस्त्यावर काढता येत नाही, पण मार्च ते मे बोंडू (काजूची फळं) खाली दारूच्या भट्टीवर आणायचे तर तिच्याशिवाय आमचं पान हलत नाही.

यंदा ऐन सीझनला तिने नाटकं सुरू केली. सकाळी चोक ओढला की स्टार्ट, चोक आत ढकलला की बंद. मग अर्धा चोक ओढूनच चालवायची सवय लावून घेतली. त्यात दुसरं म्हणजे डोंगर चढायला लागून पंधरा-वीस मिनिटं झाली की दोनदा खोकायची आणि पेट्रोल संपल्यासारखी मरायची. दहा मिनिटं काजूखाली बसलो की परत काही झालंच नाही अशी चालू! घरचे म्हणाले राखणदाराला (जागा राखणाऱ्या देवाला) नारळ ठेव. ठेवला, खोटं कशाला बोलू.

मग पिकअपमध्ये टाकून एका गॅरेजला नेली. तिथे प्लग काळाकुट्ट निघाला तर म्हणे पिस्टनच्या रिंगा गेल्या, मग म्हणे नको, आधी प्लग बदलू, मग सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा डबा) बदलला, शेवटी अख्खा कार्बोरेटरच नवीन बसवला आणि बाटली टांगून त्यातून पेट्रोल देऊन समोर अर्धा तास चालवून दाखवली. एकदम मस्त चालली. घरी आणली, डोंगरावर नेली, विसाव्या मिनिटाला बंद. वर एक नवीन आजार, अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन लगेच खाली यायचं नाही, रडत रडत उतरायचं. साडेसात हजार गेले होते तोवर.

तुमची गाठ पडली ती बस स्टँडजवळ पातळभाजी-पाव खाताना. मी शेजारच्याला कहाणी सांगत होतो आणि तुम्ही चहाचा कप खाली न ठेवता विचारलंत, "केन्ना बंद पडटा?" म्हणजे कुठला पार्ट बदलला, किती पैसे गेले ते काही नाही, बंद कधी पडते तेवढंच. आणि मग तो प्रश्न, की टाकी फुल असताना लवकर बंद पडते का अर्धी असताना? मला एकदम आठवलं की फुल असतानाच लवकर पडते, मला ते उलटं वाटायचं म्हणून कोणाला सांगितलंच नव्हतं. तुम्ही फक्त मान हलवलीत आणि म्हणालात रविवारी येतो.

रविवारी आलात तेव्हा हातात एक कापडी पिशवी, बस. मला वाटलं आता सगळं खोलणार. तर तुम्ही म्हणालात चल वर जाऊया, आणि या वयात माझ्या मागे बसून डोंगर चढलात. ती मेली तशी मी किक मारायला गेलो तर तुम्ही "मातशें राव" (जरा थांब) म्हणालात, आणि कार्बोरेटरच्या वाटीखालचा (त्यात पेट्रोल साठतं) ड्रेन स्क्रू सैल केलात. पेट्रोल आलं ते थेंब थेंब. मग मला म्हणालात टाकीचं झाकण उघड. उघडलं तर फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि त्याच क्षणी खालून धार लागली. स्क्रू आवळला, किक मारली, चालू. चोकवरच, पण चालू! मी अक्षरशः खाली बसलो.

ज्यांना माझ्यासारखं हे माहीत नाही त्यांच्यासाठी: या गाड्यांत पेट्रोल नुसतं आपल्या वजनाने खाली येतं, पंप नसतो. जेवढं पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यावी लागते, नाहीतर टाकीत पोकळी तयार होते आणि ती पेट्रोलला वर धरून ठेवते. टाकी अर्धी असली की वरच्या हवेला ताणायला जागा असते म्हणून जरा जास्त वेळ चालते, फुल असली की लगेच गळा दाबला जातो. आणि गॅरेजमध्ये वर उघडी बाटली टांगली होती म्हणून तिथे आजार दिसलाच नाही. हे तुम्ही मला दगडावर बसून दोन मिनिटात सांगितलंत, आणि मी दोन महिने कार्बोरेटरला शिव्या देत होतो.

झाकणावरची हवेची नळी हँडलच्या दांड्यात खोचलेली असते हेही मला माहीत नव्हतं. तुम्ही ती ओढून काढलीत, फुंकलीत, हवा जाईना. टोकाला सुकलेल्या मातीची गोळी! कुंभारमाशीने घर केलं होतं. शेडमध्ये भिंतीवर तिची घरं मी रोज बघतो, कधी काढावीशी वाटली नाहीत, बिचारी काय करते म्हणून.

खाली आल्यावर जुना कार्बोरेटर मागितलात. मी भंगारात टाकायला बाजूला ठेवला होता. त्यातला पायलट जेट (बारीक भोकाचा छोटा भाग) काढून माझ्या हातात दिलात आणि उजेडाकडे धर म्हणालात, काहीच दिसेना. पावसात चार महिने गाडी उभी, वाटीत पेट्रोल तसंच, वाळपईचा पाऊस म्हणजे तीन हजार मिलिमीटरच्या वर आणि हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढतं आणि सगळा गाळ वाटीच्या तळाशी बसतो. आयडलवर गाडीला पेट्रोल देणारं भोक तेवढंच, ते बुजलं म्हणून चोकशिवाय जगत नव्हती, आणि चोकवर चालवली म्हणून प्लग काळा. रिंगांचा काही संबंधच नाही. मी टाचणी आणायला धावलो तर केवढ्याने ओरडलात! टाचणीने भोक मोठं होतं म्हणून. जुन्या वायरीतली तांब्याची एकच तार काढून साफ केलंत आणि परत उजेडाकडे धरायला लावलंत. सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला.

ते रडत उतरणं कशामुळे तेही तिथेच निघालं. मी गरम इंजिनवर क्लीनरचा स्प्रे मारणार होतो, व्हिडिओत बघून. तुम्ही तो हातातून काढून घेतलात आणि बायकोची इस्त्रीची पाण्याची बाटली मागवलीत. कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधल्या रबरावर पाणी मारलं की आवाज बदलायचा, म्हणजे तिथून चोरून हवा जात होती. नवीन बसवताना ओढाताणीत चिरलं असावं. स्कूटरच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून क्लॅम्प आवळलात, नवीन रबर येईपर्यंत आठ दिवस बोंडू त्याच्यावरच आणले.

मिक्श्चर स्क्रूचं (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) मात्र मला अजून घोळवून घोळवून आठवावं लागतं. तो इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर काढला की पेट्रोल वाढतं, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर आत घातला की वाढतं. आमचा इंजिनकडचा. हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर, मग इंजिन गरम झाल्यावर कान लावून. तुमचा कान कुठून आणू ते तेवढं सांगा.

खाणीवर एवढी वर्षं मोठमोठी मशिनं सांभाळलीत, २०१२ला गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा एका दिवसात घरी बसलात, हे तुम्ही चहा पिताना अगदी सहज बोलून गेलात. मी त्यावर काहीच बोललो नाही, सुचलंच नाही. पैसे द्यायला गेलो तर पाचशेची नोट परत माझ्याच खिशात कोंबलीत आणि परसातल्या भिरंडांची (कोकमांची) पिशवी भरून घेतलीत, सोलं घालायला. हुर्राकची (काजूच्या पहिल्या धारेच्या दारूची) बाटली देत होतो ती पण नको, डॉक्टरने बंद केली म्हणून.

आता ती सकाळी चोकवर उठते आणि अर्ध्या मिनिटात चोक आत. प्लग काल काढून बघितला, कॉफीसारखा तपकिरी. नळीच्या टोकाला मच्छरदाणीचा तुकडा बांधलाय, तुम्ही सांगितलात तसा. पाऊस लागायच्या आत वाटी रिकामी करून ठेवीन, शप्पथ.

आणि तो घासून टोक बसवलेला तुमचा स्टार स्क्रूड्रायव्हर, ज्याने कार्बोरेटरचे स्क्रू एकही न झिजवता निघाले, तो माझ्याच शेडमध्ये राहिलाय. मुद्दाम नाही ठेवला हो! रविवारी आणून देतो, आणि भिरंडं अजून आहेत झाडावर.

तुमचा,
डोंगरावरचा एटीव्हीवाला