पावसाच्या अंदाजातला गाळलेला रकाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिलमध्ये मान्सूनचा अंदाज येतो तेव्हा आपल्यासकट बहुतेक दैनिके त्यातला एक रकाना छापतात आणि दुसरा गाळतात. हवामान खाते पावसाचे, फार कमीपासून फार जास्तपर्यंत, पाच गट करते आणि त्याच्या पत्रकात प्रत्येक गटासमोर दोन आकडे असतात: यंदा किती शक्यता आणि एरवी, कुठल्याही वर्षी, किती. आपण छापता फक्त यंदाचा.

२०२४ च्या एप्रिलमध्ये देशभरात सरासरीच्या ११० टक्क्यांहून जास्त पाऊस पडण्याची शक्यता ३० टक्के सांगितली होती. आमच्या गोव्यात, फोंड्याच्या बाजारातल्या चहाच्या हॉटेलात त्याचा अर्थ असा लागला : "म्हणजे सत्तर टक्के पडत नाही!" वजाबाकी बरोबर होती, पण शेजारच्या रकान्यात १७ होते. एरवीचे सतरा त्या वर्षी तीसवर गेले होते, खरी बातमी ती. (हंगाम संपला तो १०८ टक्क्यांवर, म्हणजे एक पायरी खाली. तीस टक्के म्हणजे काही वचन नव्हे.)

गंमत अशी की हा गाळलेला रकाना घरी बसून जवळपास काढता येतो. देशाची मान्सूनची सरासरी ८७ सेंटीमीटर, आणि वर्षावर्षांतला चढउतार, ज्याला आम्ही प्रमाण विचलन म्हणतो, साधारण त्याच्या दहा टक्के. म्हणजे ९० टक्के पाऊस हा मध्यापासून बरोबर एक विचलन खाली. मध्यापासून किती विचलने दूर, त्या आकड्याला झेड म्हणतात; इथे झेड उणे एक.

गेल्या महिन्यात आमच्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, सोप्यावर बसून भाचीला हेच गणित घातले : ९० टक्क्यांहून कमी पावसाची शक्यता काढ. तिने कॉलेजच्या वहीतला, झेडवरून शक्यता काढायचा तक्ता उघडला. त्यात उणे एक नव्हतेच. मग एकसमोर पाहून तिने लिहिले ०.३४१३. खात्री करायला मोबाइलवर दुसरा तक्ता काढला, तिथेही एकसमोरच पाहिले, तर ०.८४१३! "मामा, चौतीस टक्के की चौऱ्याऐंशी?" दोन्ही नव्हेत.

दोष तिचा म्हणवत नाही. तक्ते दोन तऱ्हांचे असतात. एक मध्यापासून मोजायला लागतो, दुसरा डाव्या टोकापासून. दोघांत सगळीकडे नेमका अर्ध्याचा फरक. कुठला तक्ता कुठून मोजतो हे वर बारीक अक्षरात लिहिलेले असते, नाहीतर नसतेच. इतकी वर्षे शिकवताना मी एकच हट्ट धरला : आधी घंटेच्या आकाराची टेकडी काढा, हवा तो भाग पेन्सिलने काळा करा, मगच तक्त्याला हात लावा. टेकडीखालचे सगळे क्षेत्र मिळून एक, मध्याच्या दोन्ही बाजूंना अर्धे-अर्धे. भाचीने टेकडी काढल्यावर दिसले की तिला हवी ती डावीकडची चिंचोळी शेपटी. अर्ध्यातून ०.३४१३ वजा केले, उरले ०.१५८७. म्हणजे १६ टक्के. खात्याच्या रकान्यात त्या गटासमोर नेमके १६ आहेत. पोरीने तो आकडा दोनदा वाचला.

उजवीकडची शेपटीही तेवढीच, म्हणून तिथेही १६ यायला हवेत. रकान्यात १७ आहेत. ९६ ते १०४ टक्के हा 'सरासरीइतका' गट काढला तर झेड उणे ०.४ ते अधिक ०.४, म्हणजे ०.१५५४ दोनदा, ३१ टक्के. रकान्यात ३३. गटाच्या कडा साडेपंचाण्णव आणि साडेएकशेचार धरल्या तर उत्तर ३५ च्या आसपास जाते. खरा पाऊस पुस्तकातल्या टेकडीवर तंतोतंत बसत नाही, एखाददुसऱ्या टक्क्याची तफावत राहणारच.

एकाच तक्त्यावर हे सगळे भागते, कारण सरासरी वजा करून विचलनाने भागले की पाऊस असो वा पोदेराच्या (पाववाल्याच्या) पावाचे वजन, सगळे त्या एकाच टेकडीवर येऊन बसते. समजा, पाव सरासरी चाळीस ग्रॅमचा आणि विचलन तीन ग्रॅम. सदतीस ग्रॅमहून हलका पाव हाती पडण्याची शक्यता पुन्हा तीच, १६ टक्के. मात्र वजनांची विभागणी टेकडीसारखी हवी. पोदेर मुद्दाम हात आखडता घेत असेल तर तक्ता काय करणार!

हे आकडे देशाचे आहेत, आपले नव्हेत, हेही बातमीत यायला हवे. ८७ सेंटीमीटर म्हणजे ३४ इंच, एवढा पाऊस आपल्याकडे एकट्या जुलैत पडून जातो. सत्तरीतल्या वाळपई गावाने इंचांची शंभरी गाठली की आपल्या लेखी पावसाळा बरा. देशाचा २०२४ सारखा १०६ टक्क्यांचा अंदाज वाचून आपल्या पाटाला किती पाणी येणार हे ठरवता येत नाही.

मेअखेरीस खाते सुधारित अंदाज काढते. त्या दिवशी यंदाच्या आकड्याशेजारी 'एरवी' असा एक रकाना द्यावा, एवढीच विनंती. पाच गट, सर्वांत कमी पावसापासून सर्वांत जास्तपर्यंत पाच आकडे : १६, १७, ३३, १६, १७. जागा फार तर दोन ओळींची लागेल. आणि शेजारी टेकडीचे छोटे चित्र छापलेत तर भाचीच्या वर्गातली पोरे ते कात्रण वहीत चिकटवतील.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, फोंडा