बॅकअप आहे म्हणता, पण शेवटचा रिस्टोअर कधी केला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मार्च एंडची गडबड उरकली आणि आता गावोगावच्या पतसंस्था, सोसायट्या, दूध संस्था यांच्याकडे ऑडिटची माणसं येऊन बसलीत. ते जे प्रश्न विचारतात त्यात एक असतो, कॉम्प्युटरवरच्या माहितीचा बॅकअप घेता का, आणि त्याच्यापुढे सगळीकडे "होय" लिहिलेलं असतं. मी गेली बरीच वर्षं सांगली-मिरज भागात छोट्या संस्था, दवाखाने, दुकानं यांचे कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर बघतो, आणि ह्या "होय" बद्दलच मला लिहायचंय. कारण हे "होय" मी स्वतः अनेक ठिकाणी लिहून दिलेलं आहे आणि ते किती पोकळ असू शकतं हे मला २०१९ च्या पुरात कळलं.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली हे सांगलीकरांना सांगायला नको. मी ज्या एका पतसंस्थेचं काम बघत होतो तिचं ऑफिस तळमजल्यावर. आता कुणी म्हणेल सर्व्हर खाली ठेवलाच कशाला, तर तसं नव्हतं, २००५ च्या पुरात पाणी भिंतीवर जिथपर्यंत आलं होतं त्याची खूण होती आणि त्या खुणेच्या दोन फूट वर फळी मारून आम्ही सर्व्हर ठेवला होता, शेजारीच बॅकअपची एक्स्टर्नल हार्डडिस्क. सगळ्यांना वाटत होतं की आपण पुरातून शिकलोय. २०१९ ला पाणी त्या फळीच्याही वर गेलं. सर्व्हर गेला आणि त्याच्या शेजारची हार्डडिस्क पण त्याच पाण्यात गेली, म्हणजे रोज रात्री न चुकता घेतलेला बॅकअप आणि मूळ डेटा दोघं एकाच फळीवर एकत्रच बुडाले.

तरी आम्ही निर्धास्त होतो कारण दर शनिवारी एक कॉपी मिरजेच्या शाखेत पण जायची. पाणी उतरल्यावर नवीन मशीन आणलं, मिरजेची फाईल घेतली, रिस्टोअर मारला, म्हणजे बॅकअपमधला डेटा परत मशीनवर चढवला, एकही एरर नाही. मी एकूण ठेवी बघितल्या, कर्जाचा आकडा बघितला, खात्यांची संख्या बघितली, सगळं मिरजेतल्या छापील रिपोर्टशी पैशापर्यंत जुळलं. चेअरमन साहेबांना फोन करून सांगितलं, साहेब सगळं आलं. त्यांचा आवाज भरून आला होता, त्यांचं स्वतःचं घर पण पाण्यात होतं.

मग काउंटरवरच्या मॅडमनी पहिलं खातं उघडलं आणि मला हाक मारली. नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. दुसरं खातं, प्रश्नचिन्हं. नाव, पत्ता, वारसाचं नाव, जामीनदाराचं नाव, जिथे जिथे मराठीत मजकूर होता तिथे सगळीकडे प्रश्नचिन्हं. आकडे बरोबर, तारखा बरोबर, खाते नंबर बरोबर, फक्त माणसं गायब.

ह्याचं कारण नंतर शोधलं ते सांगतो, कारण मराठीत डेटा ठेवणाऱ्या कुणाच्याही नशिबी हे येऊ शकतं. डेटाबेसमध्ये नावं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या भाषांची अक्षरं बसतील अशा पद्धतीत, व्यवस्थित होती. पण मिरजेला जाणारी कॉपी ज्या स्क्रिप्टने, म्हणजे छोट्या प्रोग्रामने, निघायची ती कुणीतरी फार पूर्वी कुठल्यातरी इंग्रजी उदाहरणावरून उचललेली होती आणि तिच्यात अक्षरांचा संच लॅटिन-१ असा लिहिलेला. त्या संचात देवनागरी नाहीच. त्यामुळे कॉपी निघतानाच मायएसक्यूएल हे आमचं डेटाबेसचं सॉफ्टवेअर प्रत्येक मराठी अक्षराच्या आणि प्रत्येक काना-मात्रेच्या जागी एक प्रश्नचिन्ह टाकत होतं, कसलीही तक्रार न करता. आणि हे उलटं फिरवता येत नाही, एकदा प्रश्नचिन्ह झालं की त्याच्या मागे काही शिल्लक नसतं. कुलकर्णी आडनावाची आठ प्रश्नचिन्हं होतात, जाधवची चार, हे मला तेव्हापासून पाठ आहे, कारण पहिले दोन दिवस आम्ही खरंच प्रश्नचिन्हं मोजून अंदाज करत बसलो होतो. पण पाटीलची पण पाच आणि शिंदेची पण पाच, तिथे सगळं संपतं.

फाईल दर शनिवारी वेळेवर जात होती, तिचा साइज दर आठवड्याला थोडा थोडा वाढत होता, "बॅकअप यशस्वी" असा मेसेज येत होता. ती फाईल एकदा, फक्त एकदा, दुसऱ्या मशीनवर उघडून बघितली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं. तेवढं कुणी केलं नव्हतं आणि ते काम माझं होतं.

पुढचे अडीच महिने नावं गोळा करण्यात गेले. पिग्मी एजंटांच्या मशीनमध्ये आपापल्या लायनीतली नावं इंग्रजीत होती ती काढली, मिरजेत जुनी छापील यादी होती ती घेतली, आणि लोकांना सांगितलं की पासबुक घेऊन या. आता इथे जी गोष्ट आहे ती मी कधी विसरणार नाही. ज्या पुरात संस्थेचा सर्व्हर बुडाला त्याच पुरात सभासदांची घरं पण बुडाली होती. एक काकू आल्या, त्यांच्याकडे ना पासबुक ना ठेवीची पावती, सगळं ट्रंकेत होतं आणि ट्रंक पाण्यात, त्यांना फक्त रक्कम आठवत होती आणि कुठल्या दिवाळीत ठेव ठेवली ते. रक्कम आणि महिन्यावरून आम्हाला त्यांचं खातं सापडलं, पण त्या चार वेळा हेलपाटे घालून गेल्या आणि प्रत्येक वेळी बाकड्यावर बसून वाट बघत राहिल्या. संकट दोन्हीकडे एकदम येतं तेव्हा त्या बाईच्या बाजूने पुरावा म्हणून एकच गोष्ट उरते, संस्थेचा बॅकअप.

असं फक्त आपल्या छोट्या संस्थांतच होतं असं समजू नका. गिटलॅब नावाची कंपनी आहे, जगभरातले प्रोग्रामर आपलं काम तिच्याकडे ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा, दुय्यम सर्व्हरवर आहोत असं समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटा डिलीट करायला घेतला, चूक लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी शिल्लक. त्यांच्याकडे बॅकअपच्या आणि रेप्लिकेशनच्या (डेटाची जिवंत प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवायच्या) मिळून पाच सोयी होत्या आणि वेळेला एकही नीट कामाला आली नाही. रोजचा बॅकअप ज्या जागी जायला हवा होता ती जागा रिकामी निघाली, कारण डेटाबेस पोस्टग्रेस नावाच्या सॉफ्टवेअरच्या ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारा प्रोग्राम ९.२ चा, त्यामुळे तो प्रोग्राम रोज फेल होत होता. फेल झाल्याच्या ईमेल पण जात होत्या, पण त्या ईमेलच्या पडताळणीत अडकून परत फिरत होत्या, कुणाला मिळतच नव्हत्या. वाचले कशामुळे तर त्याच इंजिनिअरने सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हाताने एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या डेटाची प्रत, घेऊन ठेवला होता म्हणून. जवळजवळ १८ तास साइट बंद होती आणि मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. मला त्या कंपनीचं कौतुक एवढ्यासाठी वाटतं की त्यांनी काही लपवलं नाही, दुरुस्तीचं काम चालू असताना ते यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं आणि नंतर काय काय चुकलं ते सगळं लिहून जाहीर केलं.

दक्षिण कोरियात सप्टेंबर २०२५ मध्ये देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला बॅटरीमुळे आग लागली, त्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवायची जी-ड्राइव्ह नावाची यंत्रणा जळाली, ८५८ टेराबाइट, आणि तिची दुसरीकडे कॉपीच नव्हती. एवढा पुढारलेला देश. आणि आपल्याकडचं चांगलं उदाहरण पण सांगतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा लॉक झाला, ओपीडीचं काम कागदावर आलं. पण ई-हॉस्पिटल ह्या तिथल्या रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरचा डेटा एका बॅकअप सर्व्हरवर सुरक्षित होता, तिथून तो नवीन सर्व्हरवर आणला. तरी बहुतेक कामं पूर्ववत व्हायला दोन आठवडे लागले. म्हणजे बॅकअप चांगला असला तरी परत उभं राहायला वेळ लागतो, आणि तो वेळ किती लागेल हे आधी करून बघितल्याशिवाय कुणालाच कळत नाही.

माझ्या रोजच्या कामात जे दिसतं ते पण लिहितो. दुकानदार टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतात आणि पेनड्राइव्ह वर्षभर त्याच कॉम्प्युटरला खोचलेला. रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, आला तर तो त्या पेनड्राइव्हला पण सोडत नाही. कुणी म्हणतं आमचं सगळं गूगल ड्राइव्हला सिंक आहे, पण सिंक म्हणजे इकडे खराब झालं की तिकडे पण खराब, तो आरसा आहे, बॅकअप नाही. दोन डिस्कवर एकच डेटा एकदम लिहायचं मिररिंग पण तसंच. कुणी सॉफ्टवेअर चालू असताना डेटाचं फोल्डर कॉपी-पेस्ट करतं, ते अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत कॉपी होतं आणि नंतर उघडतच नाही. कुणाकडे डेटाबेसचा बॅकअप आहे पण सभासदांचे फोटो आणि सह्यांचे स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये असतात ते कुणाच्या लक्षातच नाही. एका दवाखान्यात बॅकअपला पासवर्ड होता आणि तो फक्त सोडून गेलेल्या मुलाला माहीत होता.

आणि एक कळकळीची सूचना, रिस्टोअर करून बघायचं म्हणून उठून चालू मशीनवर करू नका. एका व्यापाऱ्याने मी सांगितलेलं अर्धंच ऐकून चार महिन्यांपूर्वीचा बॅकअप टॅलीतल्या चालू कंपनीवरच, म्हणजे चालू हिशोबावरच, रिस्टोअर केला आणि चार महिन्यांच्या एंट्र्या पुसल्या गेल्या, जीएसटीची तारीख तोंडावर. वेगळं मशीन घ्या, जुनं पडलेलं असलं तरी चालतं, त्याला नेटवर्कपासून तोडा आणि त्यावर करा.

बघायचं काय, तर नुसते आकडे बघू नका, ती चूक मी केली. जी व्यक्ती रोज काउंटरवर बसते तिला बोलवा, तिला दहा मिनिटं ते सॉफ्टवेअर वापरू द्या. सगळ्यात जुनं खातं उघडायचं, कालची शेवटची पावती आहे का बघायची, मराठी नाव वाचता येतंय का, सही दिसते का, पासबुक प्रिंट होतं का. मला जे अर्ध्या दिवसात दिसत नाही ते मॅडमना पहिल्या खात्यात दिसलं होतं. आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत किती वेळ लागला तो लिहून ठेवायचा. कॉपी किती ठेवायच्या याचा एक साधा नियम आहे, तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा नियम एका अमेरिकन फोटोग्राफरने रूढ केला. मी त्यात आमच्या भागासाठी एवढंच घालतो की दुसरी जागा नदीच्या त्याच पाण्यात येणारी नको.

माझी मागणी मोठी नाही. सहकार खात्याने ऑडिटमध्ये "बॅकअप घेता का" ह्या प्रश्नाच्या जागी तीन रकाने करावेत, शेवटचा रिस्टोअर कुठल्या तारखेला केला, कुठल्या मशीनवर, आणि तपासून सही कुणी केली. तारीख नसेल तर तो शेरा म्हणून अहवालात यावा. आणि वाचकांनो, सप्टेंबरअखेरपर्यंत तुमच्या संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा होईल, तिथे लाभांश किती ते आपण सगळेच विचारतो, त्याच दमात उठून हे पण विचारा. ठेव तुमची आहे, तिची नोंद पण तुमचीच आहे. संपादक साहेब, आपल्या प्रतिनिधींनी तालुक्यातल्या चार संस्थांमध्ये जाऊन ही एक तारीख विचारली तर काय उत्तरं येतात ते छापावं अशी विनंती आहे.

त्या पतसंस्थेत आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी आम्ही जुन्या मशीनवर रिस्टोअर करतो, मॅडम दहा खाती तपासून वहीत सही करतात. सुरुवातीला साडेचार तास लागायचे, आता एक तास चाळीस मिनिटं लागतात. मागच्या महिन्यात नवीन सभासदांच्या सह्या आल्या नव्हत्या, सॉफ्टवेअरवाल्यांनी अपडेटमध्ये फोल्डरची जागा बदलली होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं. ते शनिवारी चार वाजता कळलं, सोमवारी काउंटर उघडायच्या आत दुरुस्त झालं, आणि वहीत तशी नोंद आहे.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली